याला नेमकं कुठे खेळवायचं?

रेल्वेच्या क्रीडा कोट्याच्या जाहिराती वाचल्या की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. तिथे नुसतं ‘कबड्डी’ किंवा ‘क्रिकेट’ लिहून भागवलेलं नसतं, पुष्कळदा खेळाच्या पुढे जागाही दिलेली असते. चढाईपटू हवा, डावा कोपरा हवा, गोलरक्षक हवा, मध्यमगती गोलंदाज हवा. पदं एक किंवा दोन. रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या अभनपूरसारख्या गावातल्या मुलांसाठी ही जाहिरात म्हणजे बिलासपूरला मुख्यालय असलेल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची. अर्ज भरणाऱ्या मुलाचं वय अठरा-एकोणीस. तू कुठे खेळतोस, या प्रश्नाला त्याने एकच उत्तर द्यायचं. शाळेत जो सगळीकडे खेळला त्यालाच हे उत्तर सर्वांत जड जातं.

शाळेतला अष्टपैलू मुलगा पुढच्या पातळीवर कोणत्या जागी सर्वांत चांगला खेळेल, हे आधी ओळखता येतं का, आणि येत असेल तर कशावरून? अमेरिकेत हा प्रश्न इतका मोठा मानतात की तिथल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये महाविद्यालयांसाठी शालेय खेळाडूंच्या याद्या निघतात तेव्हा अशा मुलांचा वेगळा रकाना असतो. त्यांच्या नावापुढे जागा लिहीत नाहीत, नुसतं ‘अ‍ॅथलीट’ लिहितात. खेळाडू पक्का आहे, जागा ठरायची आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे असा रकाना नाही, पण अशी मुलं प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांची जागा ठरते ती बहुतेक वेळा त्या दिवशी संघात कोण आलं नाही यावरून.

माझं मत आधीच सांगतो. शाळेत तो मुलगा कुठे सर्वांत जास्त चमकतो, हा जागा ठरवण्याचा सर्वांत फसवा निकष आहे. त्याच्याजवळचं काय मोठ्यांच्या खेळात टिकेल, हे पाहायला हवं. आणि ते दिसायला जितका वेळ लागतो, तितका वेळ आपण त्याला देत नाही.

छत्तीसगडच्याच मातीतलं एक उदाहरण या सगळ्या चर्चेच्या मुळाशी ठेवण्यासारखं आहे. लेस्ली क्लॉडियस १९२७ मध्ये बिलासपूरला जन्मले. ते बंगाल नागपूर रेल्वेच्या संघातून फुटबॉल खेळत. १९४६ मध्ये खरगपूरला रेल्वेच्या हॉकी संघाचा सराव चालू असताना एक खेळाडू कमी पडला, आणि १९३२ च्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या संघातले डिकी कार यांनी बाजूला उभ्या असलेल्या या फुटबॉलपटूच्या हातात स्टिक दिली. दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, क्लॉडियस लंडन ऑलिंपिकच्या सुवर्णपदक विजेत्या भारतीय हॉकी संघात होते. पुढे हेलसिंकी आणि मेलबर्नची सुवर्णपदकं, आणि १९६० मध्ये रोमला कर्णधार म्हणून रौप्य. ज्या जागेसाठी त्यांचं नाव हॉकीच्या इतिहासात राहिलं ती उजव्या हाफची. हॉकी त्यांनी सुरू केली ती मात्र सेंटर हाफ म्हणून. खेळ बदलला, जागाही बदलली, आणि दोन्ही बदल वयाच्या एकोणिसाव्या वर्षानंतरचे. टिकलं ते फुटबॉलच्या मैदानावर कमावलेलं पायांचं चापल्य आणि समोरचा कुठे जाणार हे आधी ओळखणं. ज्या रेल्वेने त्यांना ही संधी दिली, तिच्याच वारशातली रेल्वे आज जागा विचारून अर्ज घेते. दोष रेल्वेचा नाही. एक पद भरायचं तर नेमका माणूस हवाच. पण मुलाची घडण त्या अर्जाच्या तारखेला संपलेली असते असं धरून चालणं बरोबर नाही.

वाढीच्या वयात काय होतं हे समजल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. मुलग्यांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्याच्या. पण हे सरासरीचं वय झालं. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. त्यातही जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात उतरतो. कॅनडातल्या आइस हॉकीत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या खेळाडूंची संख्या फार जास्त असल्याचं रॉजर बार्न्स्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं. त्यानंतर जगभर अनेक खेळांत तेच आढळलं. मोठा दिसतो म्हणून निवडला जातो, निवडला गेल्यामुळे जास्त शिकतो, आणि मागे राहिलेला छोटा मुलगा बाजूला पडतो.

जागेच्या बाबतीत हीच चूक आणखी खोल जाते. चौदाव्या वर्षी जो दाढीमिशा फुटलेला आडदांड मुलगा आहे त्याला फुटबॉलमध्ये पुढे ठेवतात, कारण लांब चेंडू टाकला की तो सगळ्यांना मागे टाकून गोल करतो. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात. मग त्याच्याकडे पुढे खेळण्याजोगं काही उरत नाही आणि मागे कसं खेळायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. उलट लहानखुरा मुलगा चेंडू लवकर सोडायला, अंगावर येणारा धक्का चुकवायला, मोकळी जागा आधी बघायला शिकतो, कारण त्याशिवाय त्याचा निभावच लागत नाही. पुढे त्याची उंची वाढली की हे सगळं त्याच्यासोबत येतं. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे संघ चालवले ते याच विचाराने. आपल्याकडे बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या क्रिकेटपटूंच्या हाडांचं वय तपासते. पण ती तपासणी खोटं वय पकडण्यासाठी आहे. तोच आकडा जागा ठरवायलाही कामाला येईल, हा विचार मला अजून कुठे रुजलेला दिसत नाही.

वाढीच्या ऐन भरात मुलगा तात्पुरता बिघडतो, हेही इथेच सांगायला हवं. पाय लांब होतात, गुडघे दुखतात, काल सहज जमणारी गोष्ट आज जमत नाही. याच सहा-आठ महिन्यांत ‘याच्यात आता दम राहिला नाही’ म्हणून कितीतरी मुलांची जागा बदलते किंवा संघच सुटतो. हे थांबवता येण्यासारखं आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करून ठेवणारा क्रीडाशिक्षक पुरेसा आहे.

आता कबड्डी. महाराष्ट्र आणि छत्तीसगड या दोन्हींकडे हा खेळ गावागावांत आहे, आणि जागेचा प्रश्न सर्वांत उघडा दिसतो तो इथेच.

शाळेच्या कबड्डीत सात जणांतले दोनच खरे खेळाडू असतात. तेच चढाई करतात, तेच कोपऱ्यावर उभे राहतात. असा मुलगा तालुक्याला वीस गुण घेऊन येतो आणि सगळे त्याला चढाईपटू म्हणतात, कारण गुण चढाईत मोजले जातात आणि टाळ्याही चढाईला पडतात. पण तो गुण कसे घेतो, हे कुणी नीट पाहिलेलं नसतं. समोर सहा-सात अननुभवी मुलं असतील तर लांब हात हे पुरेसं भांडवल ठरतं. वरच्या पातळीवर तीस सेकंदांत तोच हात कोपऱ्याजवळ गेला की मागचा पाय सापडतो.

तो पाय कसा सापडतो ते जवळून पाहण्याजोगं आहे. डावा कोपरारक्षक शेवटच्या रेषेजवळ, गुडघ्यात वाकून उभा असतो. त्याची नजर चढाईपटूच्या हातावर नसते. हात फसवतो. नजर कमरेवर आणि पायांवर असते. चढाईपटू आत येतो, हात फेकतो, परत वळताना क्षणभर त्याचं सगळं वजन एका पायावर येतं. कोपऱ्याने त्या क्षणी घोट्याला मिठी घालायची. त्याआधी झेप घेतली तर पाय उचललेला असतो, गुण जातो आणि खेळाडूही बाहेर. नंतर घेतली तर चढाईपटू मध्यरेषेच्या दिशेने निघून गेलेला. घोटा हातात आला की मध्यरक्षकाने पुढून अंगावर येऊन वाट बंद करायची. पकड दोघांची मिळून होते, पण सुरुवात कोपऱ्याने वाट पाहण्यापासून होते. ही वाट पाहण्याची वृत्ती शरीराच्या वाढीवर अवलंबून नाही. पंधराव्या वर्षी ती दिसली तर पंचविसाव्या वर्षीही राहते. म्हणूनच कबड्डीतल्या अष्टपैलू मुलाकडे बघताना त्याच्या चढाईचे गुण मोजण्याआधी मी त्याच्या फसलेल्या पकडी पाहीन. घाईने फसल्या असतील तर तो चढाईकडे ओढलेला आहे. साथ न मिळाल्याने फसल्या असतील तर तो कोपऱ्याचा माणूस आहे आणि त्याचा संघ कच्चा आहे.

शरीराचा विचार नंतर येतो, पण येतोच. पुरुषांच्या वरच्या पातळीवर ८५ किलोंची मर्यादा आहे. मध्यरक्षक या मर्यादेच्या जवळ असला तर बरं, कारण धक्का द्यायचा आणि अडवायचं हे त्याचं काम. कोपऱ्याला वजनापेक्षा पंजाची पकड आणि कमरेची लवचीकता लागते. चढाईपटूला पहिल्या दोन पावलांचा वेग. म्हणजे सतराव्या वर्षी साठ किलोंच्या मुलाला ‘तू मध्यरक्षक’ असं सांगण्याआधी त्याचे वडील, काका, मोठा भाऊ कसे आहेत एवढं तरी पाहावं.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि लिलावाने या प्रश्नाला पैशाची बाजू दिली. लिलावात खेळाडू चढाईपटू, बचावपटू आणि अष्टपैलू अशा वर्गांत मांडले जातात. ‘अष्टपैलू’ हा शिक्का मिरवण्यासारखा झाला, आणि त्याला कारणही आहे. इराणचा मोहम्मदरझा शादलुई मुळात डावा कोपरा, पण गरज पडली की चढाईलाही जातो. दहाव्या हंगामाच्या लिलावात पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. त्याच पलटणचा कर्णधार होता अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, चढाईत पुढे आणि पकडीतही हात घालणारा. १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुण्याने पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं, आणि हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू अस्लम ठरला.

या दोघांची नावं घेऊन गावातल्या मुलाला ‘दोन्ही कर’ असा सल्ला दिला जातो, तिथे थोडं थांबायला हवं. शादलुईचा पाया कोपऱ्याचा आहे. अस्लमचा चढाईचा. दोघांचंही एक काम आधी पक्कं झालं आणि दुसरं त्यावर चढलं. शाळेतला अष्टपैलू मुलगा दोन्ही कामं करतो ती संघात माणसं नसतात म्हणून. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं, आत फार अंतर आहे. माझ्या मते सोळा ते अठरा या वयात एक पाया ठरवावा आणि दुसऱ्या कामाचा सराव मुळीच सोडू नये. ज्याने चढाई केली आहे त्या कोपऱ्याला समोरच्याचा पाय कुठे पडणार ते आधी कळतं.

मुलींच्या कबड्डीत ही चर्चा आणखी निकडीची आहे, कारण शाळेत संघ उभा करायलाच सात मुली मिळत नाहीत आणि आहे त्या प्रत्येकीला सगळं करावं लागतं. त्यातून येणाऱ्या मुली विलक्षण तयार असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात कोरबा जिल्ह्यातली संजू देवी चढाईपटू होती. छत्तीसगडच्या गावातून तिथपर्यंत जाता येतं हे आता सांगून पटवावं लागत नाही. मुलींची उंची लवकर वाढते आणि लवकर थांबते, त्यामुळे मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली की तिच्या जागेचा अंदाज मुलग्यांपेक्षा अधिक भरवशाने बांधता येतो. पण त्याच वयात तिचं मैदान सुटण्याची भीतीही सर्वांत जास्त असते.

फुटबॉलमध्ये जागेचं गणित अजून गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे मुलाच्या गुणांइतकीच बाजारातली रिकामी जागा बोलते. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येत. २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. संघांनी हे परदेशी कुठे खेळवले? मधल्या फळीच्या गाभ्यात, बचावाच्या मध्यभागी, आणि सर्वांत पुढे. भारतीय मुलांच्या वाट्याला कडा आल्या. शाळेत गोल करणारा मुलगा त्यामुळे व्यावसायिक झाल्यावर कडेचा आघाडीपटू होतो, आणि कडेचा आघाडीपटू कधी कधी बचावपटू. कोल्हापूरच्या पेठांतल्या फुटबॉलमधून आलेला, क्रीडा प्रबोधिनीत घडलेला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा आघाडीपटू होता. पुढे लीगमध्ये तो मुख्यतः कडेने खेळला. सुनील छेत्रीनंतर गोल कोण करणार, हा प्रश्न देशाला इतकी वर्षं छळतो आहे त्यामागे हेही एक कारण आहे, असं मला वाटतं. आपली पुढे खेळणारी मुलं मोठी होता होता कडेला सरकतात.

पण सरकणं नेहमी नुकसानीचंच असतं असं नाही. गोव्याचा मंदार राव देसाई डाव्या कडेचा आघाडीपटू होता. २०१७ मध्ये सर्जिओ लोबेरा एफसी गोवाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी त्याला डाव्या बचावात नेलं. कागदावर ही बढतीची उलटी वाट दिसते. मैदानावर तसं झालं नाही, कारण लोबेरांचा गोवा सतत चेंडू स्वतःकडे ठेवणारा संघ होता. अशा संघातला डावा बचावपटू बहुतेक वेळ प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात असतो, समोर मोकळी कड असते, आणि धावत येऊन क्रॉस टाकणं हेच त्याचं मुख्य काम ठरतं. मंदारचा डावा पाय, त्याची न थकता वर-खाली धावण्याची ताकद हे सगळं तिथे अधिक कामाला आलं. लोबेरा मुंबई सिटीत गेल्यावर २०२० मध्ये मंदारही तिथे गेला आणि २०२०-२१ मध्ये त्या संघाने साखळी आणि अंतिम अशी दोन्ही विजेतेपदं मिळवली. लांब चेंडू मारून मागे उभ्या राहणाऱ्या संघात हाच बदल त्याला संपवून गेला असता. जागेचं नाव एकच असतं, काम संघागणिक बदलतं. म्हणून ‘याची जागा कोणती’ या प्रश्नाला ‘कुणाच्या संघात’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

मुंबईचा राहुल भेके दुसऱ्या तऱ्हेचा अष्टपैलू. तो बचावात उजवीकडेही खेळतो आणि मध्येही. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत गोव्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर डोकं लावून बंगळुरूला विजेतेपद मिळवून देणारा तो हाच. दोन शेजारच्या जागा येणं हे अष्टपैलूपणाचं सर्वांत उपयोगी रूप आहे. प्रशिक्षकाला तीन बचावपटू खेळवायचे असोत की चार, असा माणूस संघात राहतो. शाळेतल्या मुलाला पाच जागा शिकवण्यापेक्षा शेजारच्या दोन शिकवाव्यात, हे भेकेकडे पाहून म्हणावंसं वाटतं.

एक कल सगळीकडे दिसतो. फुटबॉलमध्ये मुलं मोठी होताना पुढून मागे जातात, मधून कडेला जातात. उलटी वाट दुर्मीळ. गॅरेथ बेल टॉटनहॅममध्ये डाव्या बचावातून पुढे गेला आणि जगातला एक महागडा आघाडीपटू झाला, हे सगळ्यांना माहीत आहे ते त्याच्या विरळपणामुळे. अमेरिकन फुटबॉलमध्येही असंच. शाळेतला सर्वांत चांगला खेळाडू क्वार्टरबॅक असतो, कारण प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. महाविद्यालयात तीच जागा मागणारे डझनभर येतात आणि बाकीचे झेल घेणारे किंवा त्यांना रोखणारे होतात. ज्युलियन एडलमन महाविद्यालय संपेपर्यंत क्वार्टरबॅकच होता. २००९ च्या निवडीत सातव्या फेरीत घेतल्यावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला झेल घेणारा बनवलं, आणि २०१९ च्या सुपर बोलमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्वार्टरबॅक म्हणून बचावाची रचना वाचायची जी सवय होती ती दुसऱ्या बाजूने कामाला आली. ट्रॅव्हिस हंटरने मात्र कोलोरॅडोच्या संघात आक्रमण आणि बचाव दोन्हींकडे पूर्ण वेळ खेळून २०२४ ची हाइजमन ट्रॉफी मिळवली, आणि पुढच्या वर्षी व्यावसायिक निवडीत त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं गेलं. असा मुलगा पिढीत एखादा. त्याच्यावरून नियम काढता येत नाही.

अमेरिकेकडून घेण्याजोगी खरी गोष्ट वेगळीच आहे. तिथल्या महाविद्यालयात नव्या मुलाला पहिलं वर्ष नुसता सराव करू देण्याची सोय आहे, खेळण्याच्या वर्षांतून ते वजा होत नाही. प्रत्येक जागेसाठी वेगळा प्रशिक्षक असतो. जागा बदलली तर शिकवायला माणूस आहे. आपल्याकडे अकरावीत क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळालेला मुलगा पहिल्याच महिन्यात आंतरमहाविद्यालयीन सामन्यात उतरतो. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा गुण, आंतरविद्यापीठ स्पर्धेचं प्रमाणपत्र, पुढची नोकरी, हे सगळं निकालावर अवलंबून असल्याने कुणीही त्याला नव्या जागी चुकू देत नाही.

क्रिकेट या बाबतीत जास्त उदार खेळ आहे. इथे एकाच सामन्यात दोन कामं करता येतात आणि फलंदाजीचा क्रम रोज बदलता येतो. रवी शास्त्री १९८१ मध्ये वेलिंग्टनला पहिली कसोटी खेळले ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून, फलंदाजीला दहावे. १९९२ मध्ये सिडनीला त्यांनी २०६ धावा केल्या तेव्हा ते सलामीला होते. बोरिवलीच्या शाळेत रोहित शर्मा ऑफ स्पिनर म्हणून आला, दिनेश लाड यांनी त्याच्यातला फलंदाज ओळखला आणि त्याला वर पाठवलं. मौज अशी की तेच पुन्हा दोनदा घडावं लागलं. एकदिवसीय संघात तो मधल्या फळीत अडकला होता, २०१३ मध्ये सलामीला गेल्यावर त्याचं करिअर फुललं. कसोटीत हे व्हायला २०१९ उजाडलं. विशाखापट्टणमला पहिल्यांदा सलामीला येऊन त्याने १७६ आणि १२७ धावा केल्या. सचिन तेंडुलकर २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडला सलामीला गेला तो सिद्धूची मान आखडली होती म्हणून, आणि ४९ चेंडूंत ८२ धावा झाल्या. इतक्या मोठ्या खेळाडूंची जागा ओळखायला जाणकारांना इतकी वर्षं लागली. मग पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल आपण दोन मिनिटांच्या चाचणीत इतके ठाम कसे होतो?

चाचण्यांचंही पाहू. महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड ज्या चाचण्यांवर होते त्यात उंची, वजन, तीस मीटर धावणं, सहा गुणिले दहा मीटरची ये-जा, उभी लांब उडी, उभी उंच उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचीकता आणि आठशे मीटर धावणं आहे. या चाचण्या उपयोगी आहेत. कोणत्या मुलाला कोणत्या खेळाकडे वळवावं याचा अंदाज त्यांतून येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे प्रबोधिनीतच नेमबाजीकडे वळला आणि २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ऑलिंपिक कांस्य जिंकलं. पण खेळ ठरल्यावर त्यातली जागा या आकड्यांतून निघत नाही. तीस मीटर सारख्याच वेळात धावणारे दोन मुलगे असतात. एक चेंडू सुटल्यावर धावतो, दुसरा सुटण्याआधी. दुसऱ्याला मी मधल्या फळीत किंवा बचावात पाहीन. पहिल्याला कडेला, मोकळी जागा देऊन.

अभनपूरच्या मुलापुढे यात एक जास्तीची अडचण होती, ती अंतराची. रायपूर तीस किलोमीटरच्या आत, पण संध्याकाळच्या सरावाहून परत यायचं म्हणजे बस. मार्च २०२५ अखेर अभनपूर ते रायपूर मोठ्या रुळांवरची मेमू गाडी सुरू झाली. पूर्वी इथून छोटी गाडी धमतरीला आणि राजिमला जायची. नवा रायपूरचं शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम तर आणखी जवळ. नारायणपूरच्या रामकृष्ण मिशनच्या मैदानांवर २०२४ मध्ये वीस वर्षांखालची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा झाली. ठिकाणं तयार होत आहेत. या भागातल्या मुलांजवळ एक गोष्ट मात्र शहरातल्या मुलांपेक्षा चांगली आहे. ती लहानपणी एकाच खेळाला जुंपली जात नाहीत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिकच्या यादीत कबड्डी, खो-खो, लंगडी, पिट्टुल, गेडी, फुगडी असे चौदा खेळ होते, आणि त्यांतले बहुतेक गावात खेळलेच जातात. कॅनडाचे अभ्यासक ज्याँ कोते सांगतात की साधारण बाराव्या वर्षापर्यंत अनेक खेळ खेळावेत, तेरा ते पंधरा या काळात एक-दोनांवर यावं आणि सोळानंतर एकात झोकून द्यावं. गेडीवर तोल सांभाळणाऱ्या मुलाच्या घोट्यात जे येतं ते कोपऱ्यावर उभं राहताना कामाला येतं. जागा ठरवणाऱ्याने म्हणून मुलाने आधी काय काय खेळलंय, हे विचारावं.

माझ्या मनात असलेली पद्धत साधी आहे. सतरा वर्षांखालच्या गटात असेपर्यंत मुलाच्या नावापुढे दोन जागा लिहाव्यात, त्यातली एक तो आज खेळतो ती आणि एक प्रशिक्षकाला पुढे दिसते ती. हंगामातले काही सामने, तेही हरण्याची भीती नसलेले, दुसऱ्या जागी खेळवावेत. निवड चाचणीचे दोन भाग करावेत. पहिल्या भागात मुलगा स्वतः सांगेल त्या जागी, दुसऱ्यात निवडणारे सांगतील तिथे. दुसऱ्या भागात तो किती चुकतो हे पाहू नये. पहिल्या पाच मिनिटांतली चूक तो शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा करतो का, एवढंच पाहावं. पाया अठराव्या वर्षी ठरला तरी पुरे. आणि ठरवताना त्या मुलाला शेजारी बसवून कारण सांगावं: तुझी जागा बदलतोय ती तू कमी पडलास म्हणून की तुझ्यातलं अमुक एक तिथे जास्त उपयोगी पडेल म्हणून. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलं मैदान सोडून देतात त्यातली कितीतरी न सांगितलेल्या कारणांमुळे सोडतात, आणि त्यातला एखादा क्लॉडियस नसेलच असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकणार नाही.